भंगाराच्या पोत्यातली स्प्रिंग

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझा आवाज चढतो. घरचे म्हणतात, निवृत्त झालात, आता सोडून द्या. पण काही गोष्टी सोडून देण्यासारख्या नसतात. म्हणून लिहून ठेवतो आहे. नाव कुणाचंच देत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धुळ्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून मुद्देमालाची खोली तपासत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार घाईघाईने आत आले. भंगार बाजारातल्या एका दुकानदाराचा फोन होता. मी रिसीव्हर कानाला लावला.

"साहेब, आठे बॉम फुटना. शेजारना भंगारवालाना दुकानमा. बठ्ठीकडे पांढरी पावडर पडेल शे. लवकर या."

बॉम्ब फुटला, सगळीकडे पांढरी पावडर, अशी डायरीत नोंद करून आम्ही निघालो. पोचलो तर रस्ता माणसांनी भरलेला. भंगारवाल्याला कुणीतरी रिक्षात घालून सिव्हिलला नेलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये रक्त सांडलेलं, गॅस कटर आडवा पडलेला, आणि त्याच्याजवळ धातूचं एक फुटलेलं डबडं. डबड्यातून नायलॉनची जळकी, फाटकी पिशवी बाहेर आलेली. सगळ्यावर पिठासारखी पांढरी भुकटी. वास उग्र. असं काही मी पूर्वी पाहिलं नव्हतं, हे कबूल करतो. पण जे पाहिलं नाही त्याला लगेच नाव देऊ नये, एवढं नोकरीनं शिकवलं होतं.

बाहेरच्या गर्दीनं मात्र नाव देऊन टाकलं होतं. भंगारवाला मुसलमान होता. मुंबईच्या स्फोटांना काही वर्षं झाली होती, पण लोकांच्या मनातून ते गेले नव्हते. पंचनामा लिहायला घेईपर्यंत बाहेर गोष्ट तयार झाली होती. त्याच्याकडे परगावची माणसं येतात, माल उतरतो, कारखाना चालतो. फोन करणाऱ्या शेजाऱ्याला मी बाजूला घेतलं.

"परगावची माणसं तुम्ही स्वतः पाहिली?"

"मी नई देख्या साहेब. पन लोके सांगतस."

"कोण लोक? एकाचं नाव सांगा."

तो इकडेतिकडे पाहू लागला. "बठ्ठा सांगतस."

तीसेक वर्षं जबाब घेतले. आग्रह धरला की निम्मे जबाब याच दोन शब्दांवर येऊन थांबतात. सगळे सांगतात. आणि ज्यानं पाहिलं असा एकही माणूस सापडत नाही.

मी तिथला तुकडा न् तुकडा गोळा करायला लावला. हवालदार कंटाळले. पंच म्हणून बोलावलेले दोघे घड्याळ पाहू लागले. तरी मी शेड झाडून घेतलं आणि सगळं पंचांसमोर सीलबंद केलं. त्या ढिगात धनुष्यासारखी वाकलेली, काळ्या मुलाम्याची एक जाड तारेची स्प्रिंग होती. डबड्याच्या एका आकड्यात अडकून राहिलेली. तिची नोंद मी वेगळी केली.

दुपारी वरिष्ठांचा फोन आला. स्फोटकांचा गुन्हा नोंदवा, माणसाला अटक दाखवा, नाशिकहून बॉम्बशोधक पथक येतं आहे. मी म्हणालो, "साहेब, पथक येऊन काय आहे ते सांगू दे, मग कलम लावतो." पलीकडून उत्तर आलं, "बाहेर लोक काय म्हणताहेत ते ऐकलंय ना?" मी ऐकलं होतं. म्हणूनच थांबलो होतो. शेवटी मधला मार्ग म्हणून संशयित अशी नोंद झाली आणि सिव्हिलमध्ये त्याच्या खाटेपाशी दोन शिपाई बसवावे लागले.

संध्याकाळी मी तिथं गेलो. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. उजव्या हाताची दोन बोटं गेलेली, एका डोळ्यावर पट्टी. तो डोळा पुढे वाचला नाही. मी विचारलं, त्यानं सांगितलं. पोत्यातून डबडं निघालं. ॲल्युमिनियम दिसलं. आत लोखंडाचा गोळा होता, तो वेगळा करायला कटर लावला. पुढचं आठवत नाही.

"पोतं कुठलं?"

"पारोळ्याच्या एका गॅरेजचं. हायवेवरचं. महिन्या-दोन महिन्यांनी आमचा टेम्पो जातो."

मी तेच उलटसुलट करून पुन्हा पुन्हा विचारलं. रचून सांगणारा माणूस गोष्ट नेहमी एकाच क्रमानं सांगतो, मधूनच विचारलं की अडखळतो. हा कुठूनही सुरू करायचा आणि तिथंच यायचा. मध्येच म्हणाला, "साहेब, बॉम्ब असता तर मी स्वतःच्या तोंडाजवळ धरला असता का?"

बाहेर व्हरांड्यात त्याची बायको बसली होती. शिपायांनी तिला आत सोडलं नव्हतं. मी सोडायला सांगितलं. ती उठली, पण लगेच आत गेली नाही. "साहेब, घराच्या दारावर दगड पडले," ती म्हणाली. "पोरी मावशीकडे पाठवल्या. तुम्ही फक्त सांगा, माझ्या नवऱ्यानं काय केलं?" मी घरापाशी बंदोबस्त लावला.

दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी. बॉम्ब बनवताना स्फोट. प्रश्नचिन्हसुद्धा नाही. छापण्यापूर्वी ठाण्यात विचारायला कुणी आलं नव्हतं.

रासायनिक तपासणीचा अहवाल यायला वेळ लागणार होता. पथकातले लोक आले, डबडं पाहून गेले आणि एवढंच म्हणाले की नेहमीची बनावट दिसत नाही. मी रीतसर नोंद करून ती स्प्रिंग बाहेर काढली. बॉम्ब करणारा माणूस इतकी नीट, कारखान्यात वळवलेली, मुलामा दिलेली स्प्रिंग कशाला घालेल, हा प्रश्न मला सोडत नव्हता. वाहनाचा भाग असेल तर सांगेल म्हणून परिवहन कार्यालयातल्या मोटार वाहन निरीक्षकांकडे गेलो. ते नुकतेच पुण्याहून एक प्रशिक्षण करून आले होते.

त्यांनी स्प्रिंग बोटांत फिरवली, मग डबड्याचे फोटो मागितले. फोटो पाहिल्यावर खुर्चीतून उठलेच.

"ही एअरबॅग आहे. परदेशी गाड्यांत येते. स्टिअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या झाकणाखाली. टक्कर झाली की आतला गोळा पेटतो, त्याच्या वायूनं पिशवी फुगते आणि चालवणाऱ्याची छाती वाचते. भुकटी त्या पिशवीचीच. ज्योत लावली तर फुटणारच."

"आणि ही स्प्रिंग?"

"या नव्या गाड्यांत एअरबॅग बोल्टनं कसत नाहीत. डाव्या-उजव्या बाजूला एकेक अशी स्प्रिंग असते. एअरबॅगचे आणि तिच्या झाकणाचे आकडे दाबून बसवले की स्प्रिंगमध्ये अडकतात. काढायची तर स्टिअरिंगच्या पाठीमागे दोन भोकं असतात. त्यातून स्क्रू ड्रायव्हर घालून स्प्रिंग दाबायची, आख्खी वस्तू हातात येते. पण आधी बॅटरीची वायर काढायची आणि थोडं थांबायचं. कुणीतरी ही काढताना ओढाताण केली आहे, म्हणून एक स्प्रिंग आकड्याबरोबर निघून आली."

म्हणजे बॉम्ब नव्हता. माणसाला वाचवायला बनवलेली वस्तू होती. तिनं एकाचा डोळा आणि बोटं घेतली, आणि गाव त्यालाच गुन्हेगार ठरवून मोकळं झालं होतं. मला राग आला तो तेव्हा. तो अजून गेलेला नाही.

तशा गाड्या त्या काळात धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत मोजक्याच. मोटार निरीक्षकांनी नोंदी पाहून त्यांचे मालक सांगितले, आणि त्यातल्या एका गाडीला पारोळ्याजवळ ट्रॅक्टरची ट्रॉली बाजूनं घासल्याची नोंद तिथल्या ठाण्यात मिळाली. गाडी जळगावच्या एका डॉक्टरांची. पिंप्राळ्याकडे बंगला. आम्ही गेलो तेव्हा ते दवाखान्यात निघाले होते.

"गाडी दुरुस्त कुठं केली?"

"पारोळ्यातच, हायवेच्या गॅरेजवर. दार आणि पत्रा ठोकून घेतला. काम चांगलं केलं. तेव्हापासून वळताना हॉर्न मात्र आपोआप वाजतो."

मोटार निरीक्षकांनी हॉर्नच्या झाकणावर अंगठा ठेवला. डावी बाजू घट्ट, उजवी बाजू डुगडुगत होती. त्यांनी बोटानं ठोकलं. पोकळ आवाज आला. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "याच गाडीतून मुलगी रोज कॉलेजला जाते," ते म्हणाले. "स्वतः चालवते."

झाकण मी तिथं उघडू दिलं नाही. डॉक्टरांच्या संमतीनं गाडी, मोटार निरीक्षक आणि दोन पंच घेऊन पारोळ्याला गेलो. गॅरेजवाला त्या भागात मान असलेला माणूस. लोक त्याला भाऊ म्हणायचे. त्यानं खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. मी चहा घेतला नाही.

"एअरबॅग म्हणजे काय ते मला माहीत नाही साहेब," तो म्हणाला. "आमच्याकडे जीपा, ट्रॅक्टर, ॲम्बेसेडर. डॉक्टरसाहेबांचं दार ठोकलं, बस. स्टिअरिंगला हात लावला नाही."

"पोतं धुळ्याच्या भंगारात दिलं?"

"पोती तर नेहमीच जातात. त्यात काय काय असतं, कोण पाहतो?"

त्याला उत्तरं तयार होती. मी आवाज चढवला नाही. ठाण्यात आणलं असतं तर तो वकील घेऊन आला असता आणि हेच बोलला असता. मी म्हणालो, "ठीक आहे. हे झाकण आम्हाला उघडून पाहायचं आहे. इथं तुम्हीच जाणते. हे निरीक्षक सांगतील तसं करा."

मोटार निरीक्षकांनी बॅटरीची वायर काढली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मागे दोन भोकं आहेत. दोन्हींत स्प्रिंग आहे. एकेक दाबा."

गॅरेजवाला सीटवर बसला. स्क्रू ड्रायव्हर डाव्या भोकात घातला, न पाहता दाबला. टक् करून ती बाजू सुटली. मग स्क्रू ड्रायव्हर मांडीवर ठेवून त्यानं हात बाहेर काढला आणि आपल्या माणसाला म्हणाला, "पक्कड दे."

मी खिडकीशी वाकलो.

"पक्कड कशाला, भाऊ? उजवीकडंही स्प्रिंगच आहे असं आत्ताच सांगितलं ना?"

त्यानं हात आत घेतला.

"तिथं स्प्रिंग नाही, तार बांधली आहे, हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर स्टिअरिंगला हात लावला नव्हता."

पंचांनी पाहिलं. उजव्या बाजूला बांधकामाची तार पिळून झाकण धरलं होतं. आत काहीच नव्हतं. सीलबंद पाकिटातली स्प्रिंग डावीकडच्या स्प्रिंगशी ताडून पाहिली. जोडीचीच होती.

मग तो बोलला. मुंबईचा एक ओळखीचा माणूस अशा वस्तू विकत घ्यायचा. डॉक्टरांना कळणार नाही म्हणून ह्यानं आतली वस्तू काढली आणि झाकण परत बसवलं. मुंबईवाल्यानं झाकणाशिवाय माल घेतला नाही. पडून राहिली, तर ती भंगाराच्या पोत्यात टाकली.

"तिच्यावर चिठ्ठी असते," मोटार निरीक्षक म्हणाले. "आग लावू नका, उघडू नका, असं चित्रासकट. ती कुठं गेली?"

गॅरेजवाला खाली पाहत म्हणाला, "खरवडून काढली. तिच्यावर नंबर होता. गाडी सापडली असती."

चोर मी पुष्कळ पाहिले. पोटासाठी चोरणारे, सवयीनं चोरणारे. पण हा माणूस धोक्याची सूचना वाचू शकत होता, ती वाचून त्यानं खरवडली, आणि मग ती वस्तू दुसऱ्याच्या हातात दिली. मी विचारलं, "पेपरात वाचलं तेव्हा काय फुटलं ते कळलं ना?"

"कळलं."

"मग ठाण्यात का आला नाहीत?"

तो अगदी साध्या सुरात म्हणाला, "लोक बॉम्बच म्हणत होते साहेब. त्याचं नावच तसं. मला वाटलं, मिटेल परस्पर."

मी त्याला जीपमध्ये बसवायला सांगितलं आणि गॅरेजच्या मागे जाऊन उभा राहिलो. हात उचलला गेला असता, म्हणून.

पुढे रीतसर सगळं झालं. अहवाल आला, स्फोटकांची नोंद रद्द झाली, सिव्हिलमधले शिपाई उठले. चोरी आणि घातक निष्काळजीपणाचा खटला चालला, शिक्षा झाली. माझ्या मते कमी झाली. वर्तमानपत्रानं खुलासा छापला, आतल्या पानावर, लग्नाच्या जाहिरातींच्या खाली. तो शोधून दाखवावा लागला.

भंगारवाला सिव्हिलमधून घरी गेला त्या दिवशी त्याची बायको सही करायला ठाण्यात आली. काम झाल्यावर ती जागची हलली नाही.

"साहेब, गॅरेजवाल्याला कलम लागलं. आमच्या दारावर ज्यांनी दगड मारले, त्यांना?"

"कुणी पाहिलं असेल तर तक्रार घेतो. नाव सांगा."

"कुणीच पाहिलं नाही म्हणतात." ती म्हणाली. "आणि बॉम्ब आहे असं सगळ्यांना कुणी सांगितलं? त्याला कोणतं कलम?"

माझ्या मागच्या कपाटात कायद्याची पुस्तकं होती. ती मी उघडली नाहीत. तिला खुर्ची द्यायला सांगितली, पण ती बसली नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नव्या अधिकाऱ्यांनी विचारलं की मी पहिल्यांदा तुकडे गोळा करायला सांगतो. सगळे, एकही न सोडता, लोक कंटाळले तरी. आणि दुसरं हे सांगतो की पुरावा सापडेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढ्या वेळात एका माणसाचं आयुष्य बाहेरचे लोक उधळून टाकू शकतात. तो वेळ पोलिसानं त्या माणसाच्या बाजूनं उभं राहून काढायचा असतो. मी पुरेसा ठाम उभा राहिलो की नाही, हे त्या बाईला विचारायला हवं. त्यांनी दुकान विकलं आणि धुळं सोडलं. पहिला फोन करणाऱ्या शेजाऱ्यानं ती जागा घेतली आणि आपलं दुकान वाढवलं.