जांबाच्या झाडावरचा रानपिंगळा

मागच्या डिसेंबरपर्यंत आमच्या घरात सगळ्यांत चांगली नजर माझी होती. असं मीच सांगत असे आणि कोणी वाद घालत नसे. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. सत्तावीस वर्षं लोकांच्या दंडात सुया टोचणाऱ्या बाईशी वाद घालायला घरचेही जरा कचरतात.

त्या डिसेंबरात माझ्या टाचेचं हाड वाढलं. डॉक्टरांनी तीन आठवडे रजा घ्यायला लावली आणि घरातल्या घरातही कमी चाला म्हणून बजावलं. रिकामं बसणं मला जमत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मी दोन कामं हाती घेतली. एक म्हणजे विणकाम. नणंद रंजनाबाई गडचांदूरला असतात. त्यांच्या मुलीला, पिंकीला, आठवा महिना होता, तेव्हा बाळासाठी मोजे विणायचे ठरवले. दुसरं काम पाखरं बघण्याचं. दवाखान्यातल्या एका बाईंनी मला पाखरं बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं होतं. तिथे शिस्त कडक. फोटो टाकला की त्याखाली आधी ‘ओळख बाकी’ लिहायचं. मग मोहर्लीचे प्रफुल्लभाऊ (ताडोबात लोकांना जंगल दाखवतात, पाखरांतले दर्दी) बघून ‘ओळख पक्की’ असा शिक्का मारतात. माझे पहिले सहा फोटो ‘ओळख बाकी’वरच राहिले. त्यातला एक तर कावळा होता.

आता आमच्या मागच्या अंगणाबद्दल सांगते, कारण सगळी भानगड तिथेच झाली. स्वयंपाकघराची खिडकी उंच. स्टुलावर बसलं की तीतून जांबाच्या झाडाचा वरचा अर्धा भाग दिसतो (जांब म्हणजे पेरू, इकडे पेरू म्हटलं तर भाजीवालीही तोंडाकडे बघते). झाडाखाली काय चाललं आहे ते खिडकीतून दिसत नाही. आणि त्याच झाडाखाली सासूबाईंनी खाटेवर जुनं लुगडं अंथरून मुंगवड्या वाळत टाकल्या होत्या. पिंकीला डोहाळे लागले होते ते आजीच्या हातच्या मुंगवड्यांच्या भाजीचे. दुकानातल्या वड्या तिनं तोंडात घेऊन परत ताटात ठेवल्या होत्या. रविवारी रंजनाबाई डबा न्यायला येणार होत्या. म्हणून सासूबाईंनी गुडघे धरून, दोन दिवस खपून, पाच शेर मुगाच्या वड्या घातल्या होत्या.

गुरुवारी सकाळी मी स्टुलावर बसून विणत होते. सहज मान वर केली, तर जांबाच्या उघड्या फांदीवर पिंगळा! गोल गरगरीत, तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, समोर दोन पिवळेधमक डोळे. माझ्याकडेच रोखून बघत होता. मी पुस्तक उघडलं. साधा पिंगळा दिवसा फारसा उघड्यावर बसत नाही. उघड्या फांदीवर दिवसाढवळ्या बसतो तो रानपिंगळा, जो एकेकाळी नामशेष झाला असं समजत होते तो! माझ्या हातून चार टाके सुटले. मोबाइल लांबवून, झूम करून मी फोटो काढला. तो हलला, म्हणजे फोटो. पिंगळा बिलकूल हलला नाही.

दुपारी फोटोखाली ‘ओळख बाकी’ लिहिलं आणि त्याखाली स्वतःच ‘बहुतेक रानपिंगळा’ असं जोडलं. अर्ध्या तासात ग्रुपवर अठ्ठावीस मेसेज आले. प्रफुल्लभाऊंनी लिहिलं, फोटो धूसर आहे, पण आकार पिंगळ्यासारखाच दिसतो. रविवारी प्रत्यक्ष येतो, तोपर्यंत त्याला त्रास होऊ देऊ नका.

त्रास होऊ देऊ नका, हे वाक्य कुणाला सांगावं आणि कुणाला नाही याला काही मर्यादा असते. मी तासाभरात मागचं अंगण बंद केलं. दाराला कडी लावली आणि घरात हुकूम सोडला की रविवारपर्यंत मागे कोणी पाऊल ठेवायचं नाही. आमची न्हाणी आणि संडास मागेच आहेत, ही गोष्ट मला हुकूम सोडल्यावर आठवली. पण दिलेला हुकूम मागे घ्यायची सवय मला नाही. शेजारच्या कुसुमबाईंकडे जायचं ठरलं. सासूबाई काठी टेकत, खांद्यावर टॉवेल टाकून हे, आणि मी एका टाचेवर, अशी आमची वरात सकाळ-संध्याकाळ कुसुमबाईंच्या दारी जायला लागली. दुसऱ्या दिवशी कुसुमबाईंनी विचारलं, “काऊन वो, तुमच्या घुबडाले तुमची लाज वाटते का?”

सासूबाई मात्र अस्वस्थ होत्या. “शोभा,” त्या म्हणाल्या, “त्या जांबावर तं मीनं...”

“आई, हळू बोला. आवाजानं उडून जाईल.”

“अवं, पण ऐक तं. तिथी मी...”

“रविवारी बोलू.”

वड्यांचं काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी समजावलं की ऊन आहे, वाळतील. वड्यांना हात लावत बसायची गरज नाही. त्यावर त्या जरा निवांत झाल्या आणि म्हणाल्या, “तसा मी पाखरांचा बंदोबस्त करून ठेवला हाय.” कसला बंदोबस्त, हे मी विचारलं नाही. मी विणत होते, मोजत होते आणि पिंगळ्याकडे बघत होते. एक बाई किती ठिकाणी लक्ष देणार?

आमचे हे एका शाळेत क्लार्क आहेत. बोलणं मुळात कमी, त्या तीन दिवसांत तर पारच बंद झालं. पहिल्या दिवशी मी त्यांना कौतुकानं खिडकीशी नेलं. त्यांनी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, मग परत झाडाकडे. चेहरा असा झाला की मला वाटलं, निसर्गाचं दर्शन होऊन माणूस भारावला.

“कसा आहे?” मी विचारलं.

“चांगला हाय,” ते म्हणाले आणि कुसुमबाईंकडे निघून गेले.

शनिवारी पहाटे मागच्या दाराची कडी वाजली. बघते तर हे हातात लांब काठी घेऊन उभे. मी बाहीला धरून त्यांना आत ओढलं.

“अवं, तो घुबड नसलही,” ते दाराकडे बघत म्हणाले.

“मग काय आहे?”

त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. काठी कोपऱ्यात ठेवली. “असंल तं घुबडच,” म्हणाले.

इकडे माझी चिंता वेगळीच होती. पिंगळा तीन दिवसांत जागचा हलला नव्हता, म्हणजे काही खातही नव्हता. मी खिम्याचे गोळे करून खिडकीतून पळीनं फेकले. सकाळी मी कडी काढून दार बोटभर उघडलं, तर दारासमोर पडलेला एक गोळाही उरला नव्हता. ‘खातो आहे’ असं मी ग्रुपवर कळवलं. (त्या आठवड्यात कुसुमबाईंची मांजर एवढी का सुटली, हे तेव्हा मला कळायला हवं होतं.)

त्यात अंगणात पाखरांची नुसती जत्रा भरली. साळुंक्या चौदा, सातभाई नऊ, बुलबुल, होले, चिमण्या तर मोजवेनात! थव्यानं झाडावर उतरत, तिथून टुणकन खाली जात, पुन्हा वर येऊन चोच पुसत. खाली कशाला जातात याचा मी एकदाही विचार केला नाही. मी आकडे लिहीत होते. एक साळुंकी सरळ पिंगळ्याच्या डोक्यावर बसली. इतका सहनशील पक्षी मी पाहिला नाही, असं मी ग्रुपवर टाकलं आणि त्याला सगळ्यांत जास्त बदाम आले. या नोंदी करण्याच्या नादात पाखरं मोजू की टाके, हे कळेना. बाळाचा मोजा रविवारपर्यंत माझ्या कोपरापर्यंत आला.

रविवारी दहाला प्रफुल्लभाऊ आले. सोबत ग्रुपमधली सहा माणसं, तीन कॅमेरे आणि एक तिपाई. “जयभीम ताई,” म्हणून ते कुजबुजले. त्यांच्या मागोमाग रिकामा डबा घेऊन रंजनाबाईही उतरल्या आणि आपल्या माहेरी एवढी माणसं का कुजबुजतात ते न कळून उंबऱ्यातच थांबल्या. मी कडी काढली. सगळे वाकून वाकून अंगणात उतरले. मी सगळ्यांत पुढे, टाच विसरून.

प्रफुल्लभाऊंनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं. दुर्बीण पुसली आणि पुन्हा लावली. मागे सहा जणांनी श्वास रोखले होते.

“ताई,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही विणकाम करता का?”

“करते. का हो?”

“नाई, माही आईबी विणते. याच्या पोटावर दोन सुलट, दोन उलट हाय.”

दुर्बीण त्यांनी माझ्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदाच मला दूरचं स्वच्छ दिसलं. ती कानटोपी होती. दिवाळीनंतर उरल्यासुरल्या लोकरीची, तपकिरीवर पांढरे ठिपके टाकून मी ह्यांच्यासाठी विणलेली. कानपट्ट्या वर दुमडून अडकवायला मी तिला माझ्या जुन्या कोटाची दोन मोठी पिवळी बटणं लावली होती. टोपी पालथ्या गाडग्यावर घातली होती आणि गाडगं फांदीच्या बेचक्यात रोवलं होतं. बटणं झळकत होती. दोन्ही टाके माझ्या हातचे, मी ते झोपेतही ओळखले असते. जागेपणी तीन दिवस ओळखले नव्हते.

ही टोपी तर ब्रह्मपुरीहून येताना गाडीत राहिली होती. निदान ह्यांनी मला तसं सांगितलं होतं. मी मागे वळले. हे भिंतीला टेकून उभे होते.

“गाडीत नव्हती राह्यली,” ते म्हणाले. “धानाच्या कोठीमागं ठेवली होती. शाळेत पोरं हसत.”

“मले तिथीच सापडली,” सासूबाई म्हणाल्या. “मले वाटलं चिंधी हाय. वड्यांवर पाखरं येऊ नाई म्हणून गाडग्याले घालून लांब काठीनं ठेवली झाडावर. तुले तेच सांगून राह्यली होती, तं तू बोलूच देत नाई.”

वड्यांवर हा शब्द ऐकल्यावर सगळ्यांच्या माना एकदमच खाटेकडे वळल्या. रंजनाबाई आधीच तिथे पोचल्या होत्या. खाटेवर लुगडं होतं. लुगड्यावर पिवळे डाग होते आणि पाखरांनी मागे ठेवलेली पांढरी पावती. एका कोपऱ्यात अकरा वड्या दवानं भिजून चिकटल्या होत्या. रंजनाबाईंनी डब्याचं झाकण उघडलं होतं, ते परत लावलं. आठव्या महिन्यातली पोरगी संध्याकाळी दारात वाट बघत बसणार, हे त्यांनी बोलायची गरज नव्हती.

तेवढ्यात एक साळुंकी आली, एवढ्या माणसांच्या देखत टोपीवर बसली आणि लोकरीचा धागा ओढायला लागली. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“पाखरांलेबी समजलं टोपी हाय म्हणून,” त्या म्हणाल्या.

तीन दिवस न बोलू दिलेल्या बाईनं तेवढ्या एका वाक्यात सगळं वसूल केलं. पाहुण्यांना मी चहा दिला. चहा पिता पिता प्रफुल्लभाऊंनी ठिपके फार हुबेहूब उतरल्याचं सांगितलं. ते मनापासून सांगत होते, म्हणून जास्त लागलं.

शिक्षा मी स्वतःच जाहीर केली, कारण घरात ते काम माझंच आहे. पुढच्या रविवारच्या आत नवीन वड्या. मूग मी निवडायचे, वाटण ह्यांनी करायचं, वड्या घालायच्या मी, आणि डबा गडचांदूरला पोचवायचा ह्यांनी. सासूबाईंनी त्यात एक कलम घातलं. राखण मी करायची, खिडकीतून नाही, खाटेजवळ बसून.

म्हणून मंगळवारी सकाळी मी जांबाखाली खुर्ची टाकून बसले. टाच दुसऱ्या खुर्चीवर, अंगावर शाल, हातात मोजा उसवायला घेतलेला. थंडी बोचरी होती. सासूबाई आल्या, काठीनं गाडग्यावरची टोपी काढली, दोनदा झटकली आणि माझ्या डोक्यावर घालून गेल्या. मी ती तशीच राहू दिली.

साळुंक्या आल्या. कुंपणावर बसल्या, माझ्याकडे बघून मोठ्यानं ओरडल्या आणि उडून गेल्या. सातभाई आत आलेच नाहीत. पाच दिवसांत एक वडी कमी झाली नाही. गाडग्यावर असताना जिला चिमणीही भ्याली नव्हती, त्या टोपीचा असा दरारा बसला.

राखणीच्या दुसऱ्याच दिवशी मान वर केली, तर हे मागच्या दारातून माझ्याच मोबाइलवर माझा फोटो काढत होते.

“ग्रुपवर टाकू का?” त्यांनी घाबरत विचारलं.

“टाका,” मी म्हटलं. “आणि खाली लिहा, ओळख पक्की.”