शेंदराखालचा चेहरा

नोकरीत नाना प्रकारचा मुद्देमाल हाताखालून गेला, पण टोपी काढून उभा राहिलो तो एका दगडासमोर. सत्तरच्या दशकात मी सांगलीत फौजदार होतो, तेव्हाची ही गोष्ट.

एके सकाळी एक बाई घाबऱ्याघुबऱ्या ठाण्यात आल्या. "सायेब, शेजारच्या मोरीतनं तांबडं पानी येतंय. त्यो बाबा दार लावून आत कायतरी घासत असतोय. बायको म्हायेरला गेली म्हनतोय. मला न्हाई खरं वाटत."

बायको माहेरी गेली हे उत्तर पोलिसाच्या कानाला खटकतंच. हवालदार घेऊन निघालो. मोरीजवळ वाकून पाहिलं. रक्त सुकलं की काळवंडतं. इथं मात्र कडेला केशरी थर बसला होता आणि वास तेलाचा होता.

दार उघडणाऱ्याचे हात कोपरापर्यंत केशरी. धंदा घरोघरच्या फरशांचे डाग काढून त्या घासून द्यायचा. मधल्या खोलीत गोणपाटावर गुडघाभर उंचीचा काळा दगड होता. मांडीखालचा भाग अजून शेंदराच्या जाड थरात बुडालेला, आणि वर एका बाईचा चेहरा. मांडीवर मूल. त्या मुलाकडे ती अशी पाहत होती की मी टोपी काढली. हवालदारानं बाहेर जाऊन चपला काढल्या.

कडेगावच्या बाजूच्या एका गावातून म्हसोबा चोरीला गेल्याचा बिनतारी संदेश आमच्याकडे आलेला होता. पंचनामा करून दगडासह त्या फरशीवाल्याला ठाण्यावर आणलं.

"माज्या शेतात नांगरताना घावला," तो म्हणाला.

"मग शेतातल्या दगडाला एवढा शेंदूर कुणी लावला?"

मग तो म्हणाला, "एका गिऱ्हाइकानं सांगितलं, आणून साफ करून दे. कोमट तेल लावायचं, फडकं गुंडाळून ठेवायचं. थर मऊ पडला की बांबूच्या कामटीनं काढायचा, मग रिठ्याचं पानी. ॲसिड न्हाई लावलं सायेब, दगडाची नजर जाती."

"मग गिऱ्हाइकाला दिला का नाहीस?"

"शेंदराखालनं डोळा निघाला, आन् हातच चालंना. त्यो न्यायला आला, तर म्हनलं, अजून डाग हायेत. देवाला खरवडतोस म्हनून बायको खरंच म्हायेरला गेलीय."

चौकशीत ती माहेरी सुखरूप सापडली. पण पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. दगड गावचाच, हे सिद्ध व्हायला हवं होतं. नाहीतर आरोपी सुटला असता आणि मूर्तीला वाली उरला नसता. म्हणून गावच्या म्हाताऱ्या गुरवाला ओळख पटवायला बोलावलं. जन्मभर त्यानंच त्या देवाची पूजा केलेली. त्यानं मूर्तीभोवती फेरी मारली आणि मान हलवली.

"न्हाई सायेब. आमचा देव म्हसोबा हाय. ही तर बाईमानूस!"

तो खोटं बोलत नव्हता. त्यानं, त्याच्या बापानं, आज्यानं फक्त शेंदूर पाहिला होता.

शेवटी मूर्ती गवतात गुंडाळून पंचांसह जीपनं गावाला नेली. देवळात ओट्यावर रिकामी खाच होती. चोरानं पहारीनं उचकटताना दगडाची एक कपची तिथंच अडकून राहिली होती. चौघांनी मूर्ती खाचेत उतरवली. ती नीट बसली आणि कपची तुटक्या कोपऱ्याला तंतोतंत लागली.

गुरव गुडघ्यांवर आला. त्यानं मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. "आई," तो म्हणाला, "आमी पिढ्यान्‌पिढ्या तुला बाबा म्हनत आलो गं. एकदा तरी रागवायचंस."

बाहेर उभ्या बायका आत शिरल्या. एकीनं खण आणला आणि सगळ्यांनी ओटी भरली.

मूर्ती मुद्देमाल म्हणून पुन्हा ठाण्यात आणावी लागली, पण खटला त्या कपचीवर उभा राहिला आणि आरोपीला शिक्षा झाली. साक्षीदारानं ओळखलं नाही म्हणजे तो फितला, असं मी त्यानंतर कधीच धरून चाललो नाही. रोज जवळ असलेलंही माणसाला दिसलेलं नसू शकतं.

कोर्टानं मूर्ती गावाच्या ताब्यात दिली, त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. पूजेला गुरवानं सवयीनं तेल-शेंदराची वाटी घेतली आणि बोट बुडवून चेहऱ्यापर्यंत नेलं. तिथं त्याचा हात थांबला. मग त्यानं तो सावकाश खाली आणला आणि शेंदराचं बोट फक्त तिच्या पायांना लावलं.