पोचलं न्हवं?

शाहूपुरीत आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिससमोर गुळाची पेढी आहे. तिथं एक जुने कारकून आहेत. त्यांना गाडी हवी असली की ते आधी फॅक्स करत, मग ईमेल, मग फोनवर निरोप बोलून ठेवत आणि तेवढ्यावरही न भागून चपला फटफटवत स्वतःच दारात येत. "पोचलं न्हवं?" मी "व्हय" म्हटलं तरी स्क्रीनमध्ये डोकावल्याशिवाय जात नसत. मला वैताग यायचा.

मागच्या महिन्यात त्यांच्या मालकांनी कॉम्प्युटरवर नवी सोय घेतली. फॅक्स, मेल, बोललेला निरोप, सगळं एकाच ठिकाणी, पोचल्याची खूणही तिथंच. मालकांनी कारकुनांना बजावलं, "आता सारखं रस्ता ओलांडून जायचं न्हाय."

परवा दुपारी त्यांचा निरोप आला. पत्ता, गुळाच्या ढेपा किती, वेळ, सगळं बरोबर. ड्रायव्हर गाडी सुरू करून बसला, पण गाडी सोडायच्या चिठ्ठीवर सही करायला माझा हात काही उठेना. दहा मिनिटं मी नुसता दाराकडं बघत होतो. शेवटी चिडून उठलो आणि रस्ता ओलांडला.

पेढीत कारकून खुर्चीच्या टोकावर बसून आमच्याच दाराकडं बघत होते.

"पोचलं," मी म्हणालो.

"मग सोडा की गाडी," ते म्हणाले आणि खुर्चीला पाठ टेकली.