हात बांधून बसलेली पाहुणी

आक्काचा कामाचा परवाना संपला तेव्हा तिला वाटलं, घरातलं दूध संपावं तसंच हे. जायचं नि नवं आणायचं.

परक्या देशात ती एका म्हातारीला सांभाळायची. अंघोळ, औषध, भरवणं, कूस बदलणं, सगळं. म्हातारी अर्ध्या अंगानं लुळी होती, जिभेनं मुळीच नव्हती. तिची भाषा आक्काला अर्धीच कळायची, शिव्या मात्र पुऱ्या.

परवान्याच्या ऑफिसात खिडकीपलीकडच्या साहेबानं नवा अर्ज ठेवून घेतला आणि दुभाष्याला काहीतरी सांगितलं. दुभाषा आपल्याच भाषेतला, पोट सुटलेला, मायाळू माणूस. तो म्हणाला, "आक्का, परवान्याचं नवं कार्ड हातात पडेपर्यंत इथं राहायला हरकत नाही. पण काम करायचं नाही. तासभरसुद्धा नाही. सापडलात तर अर्ज गेला, आणि मग देशही सोडावा लागेल."

"मग राहून करू काय?"

"बसा."

"नुसती?"

"नुसत्या."

आता हे सांगायला सोपं. आक्का बाळंतपणात पडल्या पडल्या लसूण सोलणारी बाई. तिला नुसतं बसायला सांगणं म्हणजे कोंबडीला उकरू नको म्हणण्यासारखंच. पण इलाज नव्हता. नवऱ्याचा गुडघा गेल्यापासून घर तिच्या कामावर चालत होतं, आणि मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. अर्ज फेटाळला गेला असता तर ते वर्ष तिथंच खुंटलं असतं. म्हणून आक्का बसली.

तिच्या खोलीत आणखी एक जण राहायची. कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची, म्हणून सगळे तिला कॉलरवाली म्हणत. ती संध्याकाळी दमून यायची तर खोली लखलखीत, चादरींना इस्त्री, बादल्या पालथ्या घातलेल्या.

"अगं बाई," कॉलरवाली म्हणाली, "बाथरूमच्या फरशीचा रंग उडेल आता. मालकीण दोघींना हाकलेल."

"हे काम धरत नाहीत ना?"

"तुझ्या घरची फरशी तू घास, नाहीतर चाट. फक्त दुसऱ्याच्या घरात हात लावू नकोस."

दिवस जात राहिले. सरकारी काम नि सहा महिने थांब, हे सगळीकडे एकच; फक्त तिकडे रांगेत बसायला खुर्च्या चांगल्या असतात. आणि मग एक दिवस म्हातारीच्या मुलाचा फोन आला. एजन्सीनं पाठवलेली नवी मुलगी चांगली आहे, पण आई तिच्या हातचं खात नाही, गोळ्या थुंकते. तू नुसती भेटायला ये. पाहुणी म्हणून. खुर्चीत बस, आईला तोंड दिसू दे, एवढंच.

कॉलरवालीनं कपाळाला हात लावला. "जाऊ नकोस. तुझे हात तुझं ऐकतात का कधी?"

"ऐकतील. चांगला ड्रेस घालून जाते. चांगल्या कपड्यात बाई आपोआप शहाणी होते."

आक्का निळा ड्रेस घालून, पर्स मांडीवर धरून म्हातारीसमोर बसली. म्हातारीनं तिला पाहिलं नि आधी पोटभर शिव्या दिल्या. इतके दिवस कुठं मेली होतीस, असा सगळ्याचा अर्थ. मग तिचे डोळे भरले. नवी मुलगी गोळ्या आणायला खाली गेली. मुलगा आतल्या खोलीत फोनवर ऑफिसातल्या कुणाशी तरी हुज्जत घालत होता.

आणि तेवढ्यात आक्काला वास आला.

तिनं मुलाला हाक मारली. त्यानं दारातून हात केला, दोन मिनिटं. म्हातारी एकदम गप्प झाली, तोंड भिंतीकडे केलं. शिव्या देणारं माणूस गप्प झालं की ते कसं दिसतं, ते ज्यानं पाहिलंय त्यालाच ठाऊक. आक्का उठली. पण निळा ड्रेस खराब होईल म्हणून दारामागच्या खुंटीवरचा एप्रन तिनं अंगावर चढवला. तोच तिचा जुना, खिशावर एजन्सीचं चिन्ह असलेला. तिनं म्हातारीला कुशीवर वळवलं, ओली चादर ओढली, कोमट पाण्यानं पुसलं.

बेल वाजली. मुलानं दार उघडलं. परवान्याच्या ऑफिसातली तपासणीवाली बाई होती. नव्या मुलीचे कागद बघायला आली होती. खोलीत आली तर समोर आक्का, बाह्या वर, हातात पंचा, अंगात एप्रन.

"ही कोण?"

"पाहुणी," मुलगा म्हणाला.

तपासणीवालीनं एप्रनच्या खिशाकडे पाहिलं. पाहुणी एप्रन घालून येत नाही, एवढं कुणालाही कळतं. नुसत्या ड्रेसवर चादर बदलताना कुणी बघितलं असतं तरी निभावलं असतं. ड्रेस वाचवायला गेली आणि सगळंच घालवून बसली.

ऑफिसात बोलावणं आलं तेव्हा दुभाषा दारातच भेटला. खालच्या आवाजात म्हणाला, "थंडी वाजत होती म्हणून एप्रन घातला, असं सांगा. मी नीट पोचवतो."

"एप्रननं कुठं थंडी जाते हो?"

"आक्का, मी तुम्हाला वाट दाखवतोय."

आत साहेबानं विचारलं, पैसे घेतले का? नाही. मग का केलंत? आक्कानं दुभाष्याकडे पाहिलं, मग साहेबाकडे. "ओली होती हो ती," ती म्हणाली.

दुभाष्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. साहेबानं पेन उचललं. वाईट माणूस नव्हता तो. मग त्यानं लिहायचं ते लिहिलं. पैसे घेतले नसले तरी काम ते काम. अर्ज फेटाळला होता. महिनाअखेरीला निघायचं होतं.

रात्र होऊ न देता तिनं घरी फोन लावला. मुलीनंच उचलला. ऐकलं नि म्हणाली, "पण आई, तू हात लावलासच कशाला? तुला सांगितलं होतं ना त्यांनी!"

"तुला कॉलेजात काय शिकवतात गं? माणूस ओल्यात पडलेलं दिसलं की आधी आपलं कार्ड बघायचं?"

मुलगी रडक्या आवाजात म्हणाली, "मग आता माझं वर्ष?"

बघू, असं आक्का म्हणाली. आयुष्यभर तिनं 'बघू' म्हणून पुष्कळ काही निभावलं होतं. या वेळी मात्र तो शब्द तिलाच पोकळ वाटला.

जायच्या आधी ती म्हातारीकडे गेली. नव्या मुलीला तिनं तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं: चमचा समोरून नाही, उजव्या गालाकडून. आधी पाणी. गोळी शेवटी. आणि शिवी दिली तर हसायचं, गप्प नाही बसायचं.

त्या मुलीनं तसंच केलं. म्हातारीनं एक सणसणीत शिवी हासडली, मुलगी घाबरत हसली, आणि म्हातारीनं तोंड उघडलं. पहिला घास गेला. दुसरा गेला.

म्हातारी नव्या मुलीच्या हातचं खात होती आणि आक्काकडे बघतही नव्हती.

"जेवली मेली," आक्का पुटपुटली. तिला बरं वाटलं, आणि इतका राग आला की तिनं पर्स उचलली नि वाटी रिकामी व्हायच्या आत ती जिना उतरली.