नानांच्या पायातली गवताची चप्पल

सदतीस डिग्रीच्या उन्हात, डांबरी रस्त्यावर, डायबेटिस असलेल्या सासऱ्यांना चपला काढायला मी लावलं. कबूल. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मला शिव्या घालणं तुम्हाला सोपं जाईल.

इथले गूढ अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आलोय. मी सॉफ्टवेअर टेस्टर. जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही ते माझ्या लेखी घडलेलंच नाही... 'कॅनॉट रिप्रोड्यूस' लिहायचं आणि तक्रारीचं तिकीट बंद करायचं. हे तिकीट मात्र बंद होत नाहीये.

आम्ही मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीत राहतो. नाना म्हणजे मुग्धाचे, माझ्या बायकोचे वडील. सांगलीचे निवृत्त पोस्टमास्तर, तीन महिन्यांसाठी आलेले. फेब्रुवारीतला रविवार, दुपारचे साडेतीन. गाडीने वीस मिनिटांवरच्या एका पार्कात जपानी लोकांचा उन्हाळी उत्सव होता. मुग्धाला शिफ्ट होती. निघताना ती एवढंच म्हणाली, "मंदार, नानांचे पाय सांभाळ."

कारण होतं. मागच्या वर्षी नानांच्या अंगठ्याला साधी ठेच लागली, ती जखम चार महिने भरली नाही. अंगठा थोडक्यात वाचला. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद.

पार्काभोवतीचा रस्ता बंद करून तिथे दोन उंच लाकडी रथ ओढत होते. कागदी कंदील, जाडजूड दोर, निळ्या कोटातली माणसं, आणि रथात ढोल! पुण्यात मी सहा वर्षं पथकात होतो. ढोल ऐकला की माझा मेंदू सुट्टीवर जातो. मी जोरात "मोरया!" ओरडलो. चार जपानी आज्यांनी माझ्याकडे पाहून अतिशय सभ्यपणे मान हलवली.

युकी नावाच्या कार्यकर्तीने नानांना हाताने बोलावलं. "प्लीज, जॉइन अस!" नाना खुशीत दोराकडे निघाले, आणि मी म्हणालो,

"नाना, चपला काढा. देवाचा रथ आहे."

(रथात देव होता की नाही, हे मला आजही माहीत नाही.)

"अहो, रस्ता तापलाय."

"दोन मिनिटं हो! फोटोपुरतं."

जावयाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून बिचाऱ्यांनी काढल्या. मी त्या माझ्या सॅकमध्ये टाकल्या. फोटो नानांच्याच फोनवर काढले आणि तो फोन खिशात टाकला... माझ्या. मग समोरच्या स्टॉलवर मला चक्क आप्पे दिसले. तसंच बिडाचं पात्र, तसेच गोळे, उलटवायची काडीसुद्धा तशीच. म्हटलं, नाना खूश होतील. रांगेत पंधरा मिनिटं गेली. आत ऑक्टोपस आहे हे कळेपर्यंत एक मी गिळला होता.

वळून बघतो तर रथ नाही. नानाही नाहीत.

रथ पार्काला पूर्ण फेरी मारतो, जवळजवळ दीड किलोमीटर, हे मला तेव्हा कळलं. सिक्युरिटीवाला म्हणाला, "नो वरीज मेट, ही विल टर्न अप." मी पळत सुटलो. पाठीवर नानांच्या चपला आपटत होत्या आणि डोळ्यांसमोर एकच चित्र — हॉस्पिटल, आणि बाहेर मुग्धा.

नाना सापडले पार्काच्या पलीकडच्या टोकाला, झाडाखालच्या बाकावर. मजेत. मी सरळ गुडघ्यांवर बसलो आणि त्यांचे पाय हातात घेतले. पायात गवताची विणलेली चप्पल होती, ओली. तळव्यांना एक फोड नाही. पाय गार... नदीतून नुकतेच बाहेर काढावेत तसे.

"नाना, ही चप्पल कुणाची?"

"त्या बाईंनी दिली. पांढरे केस, निळा कोट. पुढे पुढे चालत पळीने रस्त्यावर पाणी शिंपडत होत्या. आमच्या गावात पालखीपुढे बायका घालतात ना, तसं. चांगली पद्धत आहे हो यांची."

"काय म्हणाल्या?"

"बोलल्या काहीच नाहीत. माझ्या पायांकडे बघून नुसतं 'च्च' केलं. मुग्धा करते तसं."

आभार मानायला मी युकीला शोधलं. ती गोंधळली. "वॉटर? नो, नो." ओल्या रस्त्यावर रथ घसरतो, म्हणून पाणी टाकायची त्यांना परवानगीच नव्हती. मी पाहिलं — निळ्या कोटातल्या सगळ्यांच्या पायात स्नीकर्स. पांढऱ्या केसांच्या तिघी होत्या, तिघींना नानांसमोर आणलं. नाना म्हणाले, "या नव्हेत." चप्पल परत द्यायला गेलो तर युकीने दोन्ही हात मागे घेतले. "दे आर हिज," म्हणाली.

नानांना भास झाला म्हणावं, तर चप्पल आमच्या गराजमध्ये आहे. कुणी भल्या बाईने दिली म्हणावं, तर घरी आल्यावर ती नानांच्या पायात जाईना. नानांचा पाय नऊ नंबरचा, आणि या चपलेत त्यांची फक्त बोटं मावतात. ओली होती म्हणून सैल असेल, सुकून आखडली असेल... मी भिजवूनही पाहिली. नाही जात.

शेवटी टेस्टरने जे करायचं तेच केलं. पुढच्या रविवारी, तसंच ऊन, तीच वेळ, तोच रस्ता. बूट काढून चालायला लागलो. अकरा पावलं. बारावं मी हवेतच टाकलं असावं, कारण त्यानंतर थेट गवतावर नाचत होतो. दोन्ही तळव्यांना फोड. तिथून लंगडत गाडीपर्यंत आलो, तेव्हा नाना चालले ती अर्धी फेरी म्हणजे किती, ते कळलं.

त्या संध्याकाळी मुग्धा माझ्या पायांना मलम लावत होती. नाना बाजूला बसून संत्रं सोलत होते, दहाही बोटं शाबूत. मी म्हणालो, "काहीतरी एक्स्प्लनेशन असणारच गं. ती बाई कोण होती, एवढं जरी कळलं असतं तरी..."

मुग्धाने नुसतं 'च्च' केलं. मग म्हणाली, "ती बाई कोण होती ते राहू दे. त्या उन्हात नानांना चपला काढायला लावणारा गाढव कोण होता, ते सगळ्यांना माहितीये."