हिरवं पातेलं

दुपारचे दीड वाजलेत. बाहेरच्या खोलीत आईला बर्फाच्या लाद्यांवर ठेवलंय, आणि सुवार्ता आतल्या खोलीत खाटेच्या कडेला टेकली आहे. दोन रात्री दवाखान्यात बसून काढल्यामुळे तिच्या पापण्या जड झाल्यात. बाहेर बायका गीत म्हणतायत. सगळ्यांच्या मागे एक ओळ राहून, समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या मार्थाकाकूंचा थरथरता आवाज येतो.

नगरहून आलेली एलिझा आत्या दारात उभी आहे.

"सगळी ट्रंक उपसली गं. वहिनीची लग्नाची साडी कुठंच नाही. आपल्या घरात बाईला लग्नाच्या पांढऱ्या साडीतच मातीला देतात. म्हणून ही नवी आणवलीय. अडीचला अंघोळ घालायची, साडेतीनला पेटी येईल. काय ते ठरव."

खाटेवर दोन साड्या आहेत. एक नवी पांढरी, खळीनं कडक झालेली. दुसरी आईची रोजची हिरवी, घडीवर विटलेली. ही सुवार्तानंच कपाटातून काढली. का काढली, ते तिला आत्याला सांगता आलेलं नाही.

"विधवेला हिरवी? मंडळी काय म्हणतील?" एवढं बोलून आत्या जाते.

ती लग्नाची साडी सुवार्तानं स्वतःच्या लग्नात मागितली होती. 'ती नाही आता,' एवढंच आई म्हणाली होती. कपाटभर पुस्तकं सुवार्तानं वाचलीत, पण आईला शेवटचं काय नेसवावं हे एकाही पुस्तकात नव्हतं. ती उशीला डोकं टेकते. गीत लांब जातं. ओळी त्याच, पण आता ते कुणीतरी उघड्यावर म्हणतंय.

खाटेखाली चिखल आहे.

तुरीच्या शेतात चर्चचे बाक रांगेनं मांडलेत. भिंती नाहीत, छप्पर नाही. बाकांच्या पुढं वेदी असते तिथं दगडमातीचा ढीग आहे आणि ढिगातून एका दाराची चौकट उभी आहे. सुवार्ताला गाव ओळखू येतं. ती इथं कधी आलेली नाही. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती अकरा वर्षांची, सोलापुरात घरी होती. आईनं सांगितलं तेवढंच गाव तिला माहीत आहे, आणि तेवढंच इथं आहे.

टेम्पोच्या मागं आई उभी आहे. चाळिशीची, पदर खोचलेला.

"आलीस? धर हे."

सुवार्ताच्या हातांवर साड्यांची चळत येते. सगळ्या पांढऱ्या, इस्त्रीच्या.

"आई, तू..."

"हो, गेले. ते नंतर बोलू. आधी हे वाटायचंय."

टेम्पोतून मार्थाकाकू ओरडतात. त्यांचे सगळे दात जागेवर आहेत. "पाळकसाहेब म्हणाले, चांगलं असेल ते द्या. एकीनंही जुनेर दिलेलं नाही, सांगून ठेवते! चर्चमध्ये प्रभुभोजनाला नेसायच्या साड्या आहेत या."

चौकटीपाशी एक बाई बसली आहे, द्रौपदाबाई. तिचं लुगडं खांद्यापासून फाटलंय, केसांत माती आहे, आणि कपाळावर कुंकू मात्र ताजं आहे. आई वाकून तिच्या मांडीवर साडी ठेवते. बाई साडीकडं बघते. मग दोन्ही हातांनी ती दूर ढकलते.

"माझा धनी उमरग्याच्या दवाखान्यात हाय. जिता हाय त्यो! आन् तुमी मला आत्ताच पांढरं नेसवायलाव?"

सुवार्ताच्या हातांतली चळत जड होते. आई ओलसर मातीत बसते, बाईच्या समोर, तिच्याएवढी खाली.

"चुकलं माझं, बाई," ती म्हणते. "मी विचारायला हवं होतं."

"विचारायचं व्हतं," बाई म्हणते, आणि पुन्हा चौकटीकडं तोंड करते.

टेम्पोशी परत आल्यावर मार्थाकाकू फणकारतात. "अंगावर धड चिंधी नाही, आणि रंगाचे नखरे! राहू दे इथंच. दोन दिवसांत नेसतील."

"नखरे नाहीत, मार्था. तिचं घर गेलं, दोन पोरं गेली. कपाळावरचं तेवढं राहिलंय, आणि ते पुसायला आपण इस्त्री करून आलो. चढव सगळ्या टेम्पोत."

"सगळ्या? एकशे चाळीस?"

"सगळ्या."

टेम्पोचं फाळकं खाली पडतं आणि त्यावरून सुवार्ता सोलापूरच्या चर्चच्या आवारात, पायरीवर उतरते. हे तिनं पाहिलेलं आहे. याच पायरीवर बसून. तिचे पाय अकरा वर्षांचे आहेत, जमिनीला टेकत नाहीत. हात मात्र बेचाळिशीचे.

तीन दगडांवर नाताळच्या प्रीतिभोजनाचं मोठं पातेलं चढलंय. खाली जाळ नाही, तरी पाणी उकळतंय. गिरणीच्या रंगखात्यातल्या कुणीतरी हिरव्या रंगाची पुडी दिली आहे. आई रंग टाकते, मूठ मूठ मीठ टाकते, वल्ह्याएवढ्या लाकडी पळीनं ढवळते. बायका भिंतीला धरून उभ्या आहेत.

"नाताळला पुलाव हिरवा निघणार गं," एक जण म्हणते.

"पालक घातला म्हणून सांगू," आई म्हणते.

कुणी हसत नाही. प्रत्येकीच्या छातीशी स्वतःची पांढरी घडी आहे. देऊन टाकलेली, तरी घट्ट धरलेली. देणं वेगळं, ती अशी बुडवणं वेगळं. एकही पुढं येत नाही.

आई घरात जाते. म्हणजे चर्चच्या दारातून आत जाते आणि ट्रंकेचं झाकण वाजतं. परत येते तेव्हा तिच्या हातात बारीक जरीकाठाची साडी आहे. वाटपात ही नव्हतीच. ती पातेल्यावर धरते, एकदा नीट बघते, आणि सोडते. जरी तेवढी वर चमकत राहते, मग तीही खाली जाते.

मार्थाकाकू पुढं येतात.

"ती लग्नाची होती," सुवार्ता पायरीवरून म्हणते. "मी बघत होते. कुठली साडी ते मला कळलंच नाही."

"तू लहान होतीस."

"लग्नात मी मागितली तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बरं केलंस. बरं वाटून घ्यायला नव्हतं केलं गं."

आवारभर दोऱ्या बांधल्यात. एकशे एक्केचाळीस हिरव्या साड्या वाऱ्यावर आहेत आणि त्यांच्यामधून द्रौपदाबाई चालत जाते, हिरवं नेसून, ओल्या रंगानं कोपरापर्यंत हिरवी झालेली. एका साडीआड जाते, आणि दिसत नाही.

"तिचा नवरा वाचला का?"

"कळलं नाही. कळावं म्हणून दिली नव्हती."

सुवार्ताला रडू येत नाही. वर्गात आपल्या माणसाचं नाव पुकारल्यावर ताठ बसावं, तशी ती पायरीवर ताठ बसते.

"आई, तुला काय नेसवू?"

आई पळी बाजूला ठेवते. "विचारतेस हे बरं. माझी पांढरी मी दिली. तिच्या जागी दुसरी कशाला? हिरवी नेसव."

"आत्या..."

"एलिझा बोलायला लागली की तू गप्प बसतेस. विसरशील." आई जवळ येते, सुवार्ताच्या पदराचं टोक ओढून घेते आणि त्याला गाठ मारते. करकचून. तिच्या बोटांना मिठाचा वास आहे.

"सुवार्ता! ऊठ बाळा, अडीच झाले."

खोली आहे, खाट आहे. आत्या पांढरी साडी उचलते.

"हिरवी," सुवार्ता म्हणते.

"अगं पण मंडळी..."

"लग्नाची साडी का नाही, ते मंडळीला मी सांगेन. तिनं ती रंगवली. भूकंपातल्या बायकांसाठी."

दारात काठी वाजते. मार्थाकाकू येऊन उभ्या राहिल्यात. बोळकं थरथरतं. "पहिली तिचीच बुडाली," त्या म्हणतात. "दुसरी माझी. हिरवीच नेसवा."

आत्या दोघींकडं बघते. मग पांढरी साडी परत पिशवीत घालते. सुवार्ता हिरवी उचलून उठते, तेव्हा आत्याचं लक्ष तिच्या पदराकडं जातं.

"ही गाठ कसली गं? सोडू?" आत्या नख लावून बघते. गाठ हलत नाही.

"राहू दे," सुवार्ता म्हणते, आणि आईला नेसवायला बाहेर जाते.