जाऊबाईंनी नेट बदललं

माजी थोरली जाऊ जयवंता तीस वर्सांत भावकीला कधी उलट बोलली नाय. साजगावच्या फॅक्टरीत पॅकिंगला गेली, घरचं भात पिकवलं, पण चुलत दिरापुढं मान वर केली नाय. मी पयल्यापासून तोंडाळ. म्हणून ही गोष्ट मीच सांगते.

तो चुलत दीर म्हंजे प्रवीण. लोधिवलीत आमच्या आळीला नेटची लाइन द्यायचा धंदा त्याचाच. वारा सुटला, नेट गेलं. कुणाची वरात आली, नेट गेलं. फोन केला की ठरलेलं, "वयनी, उद्या माणूस पाठवतो." मेल्याचा उद्या तीन वर्सं उजाडला नाय!

जयवंताची सून रिया घरून काम करते, कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन घेते. पोर आठ महिन्यांचं. कंपनीनं तिला बजावलं, आता एक खाडा पडला तर रोज वाशीला ऑफिसात ये, नायतर नोकरी सोड. अंगावर पिणारं पोर टाकून जाईल कशी ती?

तवा जयवंतानं मन घट्ट केलं आणि दुसऱ्या कंपनीला बोलावलं. प्रवीणचं डोकं फिरलं. "माज्या भिंतीवरून वायर जाणार नाय," म्हणाला. नको तर नको! जयवंतानं वायर आपल्याच शेताच्या बांधावरून घेतली. बारा दिवस नेट एकदाबी गेलं नाय.

तेराव्या दिवशी, रविवारी दुपारी, ठप्प.

"कापली मेल्यानं!" मीच ओरडले. जयवंता पदर खोचून उठली ती थेट प्रवीणच्या दारात. "माज्या नातवाच्या तोंडचा घास काढतोस? वाटोळं होईल रं तुजं!" सारी आळी गोळा झाली. प्रवीण शपथा घेत होता, मी नाय कापली म्हणून. मला तर लई बरं वाटलं.

घरी आलो तर जयवंताचे मालक, मालोजी भावजी, शेतातून आलेले. तोंड धुरानं काळं. दर वर्सासारखा राब भाजून आले होते. शेण-पाला पसरून रोपांची जागा जाळली होती. आणि बांधावरची वायर? वितळून गोळा झालेली.

"माज्या ध्यानातच नाय आलं गं," भावजी म्हणाले. असा संताप आला मला! पण काढू कुणावर? आमच्याच हातानं आमी जाळली.

नव्या कंपनीचा माणूस बुधवारी येणार होता. रियाचं काम सोमवारी नऊला.

सोमवारी आठला जयवंता परत प्रवीणच्या दारात. मागं लॅपटॉप घेऊन रिया, तिचं पोर माज्या कडेवर. जयवंतानं सगळ्यांदेखत हात जोडले. "चुकले रं. वायर आमीच जाळली, आळ तुज्यावर घेतला. आता जुनी लाइन जोडून दे."

प्रवीण गालात हसला. "वयनी, उद्या माणूस पाठवतो."

"पाठव," जयवंता म्हणाली आणि त्याच्याच पडवीत बसली. "तवर घरची सून हितं बसून काम करंल. हाकलून दे, हिंमत असंल तर."

भावकी बघत असताना सुनेला कोण हाकलतो? त्याच्या बायकोनं, शैलानं, मुकाट्यानं पासवर्ड सांगितला.

रियानं सहा वाजेपर्यंत काम केलं. मधी वारा सुटला, वीजपण गेली. प्रवीणकडं बॅटरी होती, त्याचं नेट चालूच.

निघताना जयवंतानं विचारलं, "तुज्या घरात जातच नाय रं नेट. तीन वर्सं आमचंच तेवढं जात होतं?"

प्रवीण खाली मान घालून मोबाइल चाळत बसला.